मंदाताईंचा क्रेटर

एप्रिलमधला शनिवार, सकाळचे अकरा. रक्कम अडीचशे युरो, रोख. हजर: आयर्लंडमधल्या आमच्या मलिंगार गावच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एक चित्रकलेच्या बाई, डॉ. मंदा पिंपळापुरे आणि मी. माझं तिथे काम एवढंच होतं, की माझी गाडी लांबुळकी आहे आणि तिच्या मागच्या सीट आडव्या पडतात. व्यवहार होता कुंभाराच्या विजेवर चालणाऱ्या जुन्या चाकाचा. बाईंनी फोनवर तीनशे सांगितले होते.

मंदाताईंनी चाकाकडे पाहिलंच नाही. त्या बाईंच्या मानेकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, जरा तोंड उघडा पाहू. आश्चर्य म्हणजे बाईंनी उघडलं. पुढच्या दहा मिनिटांत कळलं, की बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय आणि मागच्या वेळी भुलीनंतर त्या दोन दिवस ओकत होत्या. मंदाताईंनी त्यांच्याकडून दोन औषधांची नावं पाठ करून घेतली आणि भूल देणाऱ्याला आधीच काय सांगायचं ते त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. बाईंनी आपणहून पन्नास युरो कमी केले आणि वर मातीची एक गोणी दिली.

"मी घासाघीस केली नाही हं," मंदाताई गाडीत बसताना म्हणाल्या. "तूच साक्षीदार आहेस, खजिनदार."

मी आमच्या छोट्या मराठी मंडळाचा खजिनदार आहे. मला नाव आहे, पण त्यांनी ते कधी वापरलं नाही.

मंदाताई मूळच्या नागपूरच्या. आमच्या गावच्या सरकारी इस्पितळात त्यांनी वीसेक वर्षं भूल दिली. एकसष्टीच्या आत नोकरी सोडली. का सोडली असं विचारलं की "कंटाळा आला" एवढंच म्हणायच्या. लग्नाबद्दल विचारलं तर, "एकदा झालं होतं. रिकव्हरी चांगली झाली." समोर आलेल्या प्रत्येक माणसाचा गळा, जबडा आणि दात त्या आधी पाहायच्या, नाव नंतर विचारायच्या. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा माझ्या बायकोला, अनघाला, म्हणाल्या, "तुझ्या घशात श्वासाची नळी छान जाईल." अनघाला ते कौतुक वाटलं, आणि ते होतंही कौतुकच. मंडळाचे अध्यक्ष जोगळेकर यांना मात्र त्यांनी भर पंगतीत सांगितलं होतं, "तुझी मान फार आखूड आहे. कधी ऑपरेशन करायची वेळ आली तर मी ड्यूटीवर नसताना कर."

त्या दिवशी चाक गाडीत, गोणी त्यावर, आणि मी विचारलं, "आता या चाकावर काय करणार?"

"एक भांडं. वाइनमध्ये पाणी मिसळायचं."

"त्याला जग नाही का चालत?"

पुढचं राउंडअबाउट येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नंतर जे बोलल्या ते घरी पोचून चाक उतरवेपर्यंत थांबल्या नाहीत. त्याचा सारांश असा. जुने ग्रीक लोक वाइन नुसती पीत नसत. नुसती पिणारा म्हणजे अडाणी. जेवण झालं की बैठकीच्या मधोमध एक मोठं, रुंद तोंडाचं, चित्रं काढलेलं मातीचं भांडं ठेवायचं, त्यात वाइन आणि पाणी मिसळायचं आणि तिथून सगळ्यांच्या पेल्यांत वाढायचं. त्या भांड्याला क्रेटर म्हणत. किती वाइनला किती पाणी हे बैठकीचा प्रमुख ठरवी, पिणारा नाही.

"म्हणजे तुमच्यासारखंच," मी म्हणालो. "पेशंटला किती द्यायचं ते पेशंट ठरवत नाही."

त्यांनी माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. "तू हिशेबात वाया गेलास."

हा नियम त्यांच्या घरात आधीपासून लागू होता, फक्त आम्हाला त्याचं कुळ माहीत नव्हतं. मंदाताईंकडे कुणी स्वतःच्या हाताने ग्लास भरायचा नाही. त्या माणसाकडे बघायच्या, वजनाचा अंदाज घ्यायच्या, दोन प्रश्न विचारायच्या आणि मग प्रमाण ठरवायच्या. ज्याची जीभ आधीच सुटली आहे त्याला पाणी जास्त. जो दिवसभरात दोन शब्दही बोललेला नाही त्याला कमी. जोगळेकरांना एका भागाला पाच भाग पाणी मिळे. "ताई, यात व्हिस्की आहे ना नक्की?" असं ते दर वेळी विचारत. "वास आहे ना? बस," असं उत्तर दर वेळी मिळे.

डब्लिनमधल्या एका संग्रहालयात काचेच्या पेटीत असा एक क्रेटर आहे. तो पाहायला त्या मला आणि अनघाला घेऊन गेल्या. आम्ही दोघं चित्रं पाहत होतो. मंदाताई आधी गुडघ्यावर बसल्या, मग सरळ पाठीवर आडव्या झाल्या आणि काचेच्या फळीखालून भांड्याचा तळ बघू लागल्या. पहारेकरी धावत आला. त्याला वाटलं बाईंना चक्कर आली.

"डॉक्टरला बोलवू का?" त्याने विचारलं.

"मीच डॉक्टर आहे," त्या जमिनीवरून म्हणाल्या. "जरा बॅटरी असेल तर दे."

त्याने बॅटरी दिली. उठल्यावर कपडे झटकत त्या मला म्हणाल्या, "काही कुंभार तळाला खुणा कोरत. क्वचित किंमतसुद्धा. तुझ्यासारखे लोक तेव्हाही होते." या भांड्यावर तसं काही नव्हतं. मग त्या काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, "खजिनदार, हे अख्खं काहून राहिलं माहीत आहे? हे इटलीतल्या एट्रस्कन लोकांच्या थडग्यात सापडलं. ते ग्रीकांची भांडी मागवायचे, जमतील तशी स्वतःही बनवायचे, आणि मेलेल्या माणसाबरोबर पुरायचे. जी भांडी लोकांनी वापरली ती फुटली. हे मेलेल्याला दिलं म्हणून टिकलं."

एट्रस्कनांवर त्यांचा विशेष जीव होता. ग्रीकांच्या बैठकीत घरच्या बायकांना जागा नसे. एट्रस्कन बायका नवऱ्याशेजारी आडव्या होऊन जेवत, पीत, आणि ग्रीक लोक त्यावर नाकं मुरडत. "आपण एट्रस्कन," त्या म्हणायच्या. "दुसऱ्याचं भांडं पाहून आपलं बनवणारे. ते जरा वाकडं होतं, पण बैठक आपली असते."

त्यांना एकच भांडं करायचं होतं, पूर्ण मापाचं. आणि ते वापरायचं होतं. घंटा उलटी ठेवावी तसा आकार, खाली पाय, बाजूंना दोन आखूड कान. पेटीत ठेवायचं नाही, फोटोसाठी नाही. माणसं भोवती, पेले हातात, आणि मधे भांडं भरलेलं.

यात काळा रंग म्हणून वेगळा रंग नसतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. भांड्याचीच माती पाण्यात कालवायची, जाड माती खाली बसू द्यायची, वरचं बारीक गढूळ पाणी काढून घ्यायचं, ते पुन्हा निवळू द्यायचं. असं करत करत जी साय राहते तिने रंगवायचं. कच्च्या भांड्यावर ती जवळजवळ दिसतही नाही. काळं काय आणि लाल काय हे भट्टीत ठरतं. त्यांच्या मागच्या अंगणात जुन्या विटांची भट्टी उभी राहिली. घरात प्रत्येक बादलीत गढूळ पाणी. एकदा अनघाने चुकून एक बादली संडासात ओतली, तर मंदाताई तिला म्हणाल्या, "तीन आठवड्यांचं काम फ्लश केलंस. बस, चहा कर."

चहा हाही एक विषय होता. मला उशिरा लक्षात आलं, अनघाला आधी. त्या वर्षभरात मंदाताई आमच्याकडे पूर्ण कप घेईनाशा झाल्या. "अर्धाच दे, डाएट आहे." अर्धा कप दोन्ही हातांनी धरायचा आणि कप ओठाकडे नेण्याऐवजी मान खाली न्यायची. अनघा न विचारता त्यांना अर्धा कप देऊ लागली, आणि मग सगळ्यांनाच अर्धा देऊ लागली. मी तक्रार केली तर तिने मला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, "तुला डोळे दिलेत की नाही?"

त्यांचा उजवा हात थरथरत होता.

पहिला क्रेटर भट्टीतून सगळाच्या सगळा लाल निघाला. दुसरा राखेच्या रंगाचा. तिसरा आतल्या आत फुटला. ओल राहिली होती. चौथा रंगवून झाला त्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर मनगट टेकवायला त्यांनी लाकडाची एक पट्टी पुलासारखी उभी केली होती. शेजारी गोळ्यांची पट्टी.

"ही घेतली की दोन तास हात माझा असतो," त्या म्हणाल्या. "आधी तीन तास असायचा. हा शेवटचा, खजिनदार. याच्यापुढे मला रेघ निघणार नाही."

मी काही बोलायला तोंड उघडलं.

"सहानुभूती नको. आकडे लिहायला येशील का शनिवारी? आणि दुसरं. हा नीट निघाला तर मंडळाच्या कोजागिरीला न्यायचा. दूध मिसळायचं यात. पण वाढायला तू उभा राहा. लोकांसमोर माझ्याकडून ते व्हायचं नाही. या गावात अर्ध्या लोकांच्या शिरेत मी सुई घातली आहे, पहिल्या फटक्यात. त्यांनी हा हात पाहायचा नाही."

मी हो म्हणालो.

शनिवारी भट्टी पेटली. मंदाताईंनी ती इस्पितळातल्या पद्धतीने चालवली. दर पाच मिनिटांनी तापमान, हवेचं भोक किती उघडं, धुराचा रंग, मी लिहायचं. "तू आकडे लिही, मत देऊ नको." घडीच्या खुर्चीत बसून त्या भट्टीकडे पाहत होत्या, आणि त्यांचा चेहरा असा होता, की कुणीही त्यांच्या हाताखाली निर्धास्त झोपलं असतं. पहिल्या टप्प्यात हवा मोकळी. भांडं लालच होतं. आकडा नऊशेच्या जवळ गेला तशा त्या उठल्या, आत ओला भुसा आणि हिरव्या फांद्या कोंबल्या आणि भोक विटेने बंद केलं.

"आता याचा प्राणवायू बंद. थिएटरमध्ये हे केलं असतं तर तुरुंगात गेले असते."

धूर निघाला तो काळाकुट्ट, आणि सरळ नोएलच्या दोरीवरच्या चादरींवर गेला. नोएल म्हणजे त्यांचा शेजारी. निवृत्त बस ड्रायव्हर, गावच्या हॉलच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. भिंतीवरून त्याचं डोकं वर आलं, हातात फोन.

"डॉक्टर, फायर ब्रिगेडला बोलवू की अजून थांबू?"

"नोएल, पेशंट टेबलावर आहे. हळू बोल."

नोएलने फोन खिशात घातला आणि खरंच हळू आवाजात विचारलं, "जगेल का?"

"वीस मिनिटांत सांगते."

तो भिंतीला वळसा घालून आला आणि माझ्या शेजारी उलट्या बादलीवर बसला. मंदाताईंनी वीट काढली. हवा आत गेली. त्यांनी आम्हाला समजावलं: कोंडलं तेव्हा सगळं भांडं काळं पडलं. आता मोकळी माती पुन्हा श्वास घेईल आणि लाल होईल. जिथे ती बारीक साय लावली आहे तिथलं तोंड आचेने बंद झालंय, तिला श्वास घेता येणार नाही, ती काळीच राहील.

"ज्याला श्वास घेता येतो तो रंगावर येतो," त्या म्हणाल्या. "यात गूढ काही नाही. मी हेच काम करत होते."

दुसऱ्या दिवशी भट्टी निवल्यावर भांडं बाहेर काढलं. काळं चकचकीत, आणि त्या काळ्यात लाल माणसं. एका कानाजवळ तळहाताएवढा राखी डाग सोडला तर सगळं जसं हवं तसं. नोएल बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ग्रँड." मंदाताईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. आत जाऊन चूळ भरून आल्या आणि म्हणाल्या, "जागा झाला पेशंट."

आता चित्राविषयी सांगायला हवं, कारण पुढचं भांडण त्यावरून झालं. पुढच्या बाजूला एक बाई गादीवर ऐसपैस आडवी, हातात पेला. तिला वाढायला तीन उघडेनागडे पुरुष, प्रत्येकाला घोड्याची शेपटी आणि घोड्याचे कान. असे जंगली सेवक ग्रीक भांड्यांवर नेहमी असतात, हा काही मंदाताईंचा शोध नव्हता. मधल्या सेवकाचं पोट, भांग आणि गळाच नसल्यासारखी मान हा मात्र त्यांचाच शोध होता. अनघाने एका नजरेत ओळखलं आणि ती फडकं आणायच्या निमित्ताने आत पळाली.

मंडळाची बैठक आमच्या जेवणाच्या टेबलावर होती. मधे भांडं. जोगळेकर पुण्याचे, डब्लिनमध्ये मोठ्या कंपनीत कामाला, घर मात्र मलिंगारमध्ये, कारण इथे ते परवडलं. माणूस वाईट नाही. त्यांनी भांड्याभोवती एक फेरी मारली आणि घसा साफ केला.

"ताई, कला म्हणून उत्तमच आहे. पण कार्यक्रमाला लहान मुलं असतात."

"मुलांना शेपट्या आवडतात."

"मी शेपट्यांबद्दल नाही म्हणत."

"मग कशाबद्दल म्हणतोस? नाव घे."

जोगळेकर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले. "काहीतरी... म्हणजे धोतरबितर दाखवता नाही का येणार?"

"अडीच हजार वर्षांत यांना कुणी धोतर नेसवलं नाही, आणि तू नेसवतोस? भाजून झालंय, बाप्पा. आता फक्त शस्त्रक्रिया शक्य आहे."

अनघाने आतून विचारलं, "जोगळेकर, मधला ओळखीचा नाही वाटत?"

"मधलाच तर सगळ्यात वाईट आहे," जोगळेकर म्हणाले. "पोट बघा त्याचं."

तोडगा मी सुचवला: भांड्याच्या पोटाला झेंडूची माळ. प्लास्टिकची, गेल्या गणपतीतली, मंडळाकडे शिल्लक होती. एकमताने मंजूर. मंदाताई म्हणाल्या, "ठीक. ऑपरेशनच्या वेळी आम्हीही कापड टाकतो."

आमची कोजागिरी संध्याकाळी सातला असते. मुलांना नऊला झोपायचं असतं आणि चंद्र तसाही ढगात असतो. नोएलने हॉल उघडून दिला आणि दूध म्हणजे काय प्रकार आहे ते बघायला तोही थांबला. अनघाने आटवलेलं, केशर-बदाम घातलेलं दूध एका पातेल्यात आणलं होतं, आणि साधं थंड दूध दुसऱ्यात. ते मिसळायचं क्रेटरमध्ये, हा मंदाताईंचा आग्रह. "मिसळलं नाही तर तो नुसता हंडा." हॉलच्या स्वयंपाकघरात त्यांनी प्रमाण सांगितलं, मी ओतलं. एकाला दोन. मग गाणी सुरू झाली म्हणून आम्ही बाहेर आलो. टेबल लावायचं बाकी होतं.

दुसरं गाणं अर्ध्यात असताना आतून आवाज आला. मोठा नाही. थंडीत तळं गोठलं की कधीकधी येतो तसा, कोरडा, एकच. मंदाताई माझ्याआधी दारात पोचल्या.

क्रेटर गॅसवर होता. शेगडी विझली होती, कारण तिच्यावर दूध गळत होतं. पायापासून निघालेली चीर त्या बाईच्या गादीतून वर चालली होती. शेजारी जोगळेकर, हातात झेंडूची माळ. वितळू नये म्हणून त्यांनी ती आधी काळजीपूर्वक काढून घेतली होती.

"काहून?" मंदाताई म्हणाल्या. एवढंच.

"ताई, हात लावून पाहिलं तर गार होतं हो. कोजागिरीचं दूध गार कसं देणार? आमच्याकडे मातीची हंडी आहे, इंडियन स्टोअरमधली, ती गॅसवर चालते, बिर्याणी होते तिच्यात... मला वाटलं, हीपण मातीचीच."

मंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुझी मान आखूड आहे हे तुझं नशीब समज. धरायला जागा नाही."

अनघाने पातेलं पुढे केलं. "ताई, यात ओता लवकर. दूध तरी वाचेल."

"नाही." मंदाताईंनी पातेलं बाजूला सारलं. गॅस बंद केला. त्यांचा आवाज एकदम बदलला. इस्पितळात काही बिघडलं की हाच आवाज असणार. "पेले आणा. सगळ्यांना आत बोलवा. खजिनदार, दोन्ही हातांनी धर. चीर दाबून. सोडू नकोस."

मी ओल्या कापडाने भांडं उचलून ओट्यावर ठेवलं आणि दोन्ही तळव्यांनी दोन्ही बाजू एकमेकींकडे दाबल्या. गळती कमी झाली, थांबली नाही. तेवढ्यात हॉलमधली सगळी माणसं आत आली. पन्नासेक माणसं, पोरं मोठ्यांच्या पायांमधून. सगळ्यांच्या हातात कागदी पेले. आणि मग माझ्या लक्षात आलं, की वाढायचं मी होतं आणि माझे दोन्ही हात गुंतले आहेत.

पळी मंदाताईंच्या शेजारी होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. गोळीची वेळ केव्हाच होऊन गेली होती. मी म्हणालो, "अनघाला सांगू?"

"भांडं माझं आहे," त्या म्हणाल्या, आणि पळी उचलली.

पहिली पळी पेल्यात कमी आणि बाहेर जास्त पडली. रांगेत पहिली जोगळेकरांची बायको होती. तिच्या बाहीवर दूध, ओट्यावर दूध, खाली तर आधीपासूनच दूध. तिने बाहीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "ताई, अजून थोडं." दुसऱ्याने पेला दोन्ही हातांत धरला आणि पळी जिकडे जाईल तिकडे पेला नेला. तिसऱ्याने तसंच केलं. दहाव्या माणसापर्यंत सगळ्यांना ते जमलं होतं: पळी हलेल तसा पेला हलवायचा. कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांचेच बूट दुधात होते आणि भांडं फुटत चाललं होतं, त्यामुळे सांडण्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मंदाताई मात्र वाढताना बोलत होत्या. "तू गातोस वाईट, तुला कमी." "ही पोट्टी बारीक आहे, हिला दोन पळ्या." "पुढे चल, पेशंटचं रक्त जातंय." त्यांचा हात त्या उजेडात, त्या सगळ्या गावच्या लोकांसमोर, जोरजोरात थरथरत होता आणि त्या एकदाही त्याच्याकडे पाहत नव्हत्या.

शेवटी जोगळेकर आले. पेला पुढे करताना ते वाकले आणि त्यांचं तोंड मधल्या सेवकासमोर आलं. माळ आता त्यांच्याच खांद्यावर होती. ते तसेच वाकून राहिले.

"ताई, हा कोण?"

"तू."

"पण मी एवढा..."

"तू बसला नव्हतास समोर. अंदाजाने काढलं."

मागे कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि सरतेशेवटी जोगळेकरही. मंदाताईंनी त्यांना काठोकाठ पेला दिला, पाण्याचं नाव नाही. नोएलने आपला पेला संपवला, आत पाहिलं, आणि दुसऱ्यांदा रांगेत उभा राहिला. त्याला शेवटची पळी मिळाली. तळ दिसला तेव्हा मी हात जरा सैल केले आणि भांड्याचे दोन तुकडे माझ्या दोन हातांत आले.

मंदाताई पुढच्या डिसेंबरात नागपूरला बहिणीकडे राहायला गेल्या. फोनवर असतात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या येतात त्या त्याच संध्याकाळच्या, सगळे गेल्यानंतरच्या. नोएल फरशी पुसत होता. हॉलची जमीन लाकडी आहे, दूध फटीत गेलं तर वास मारतं, आणि नियमाप्रमाणे खास सफाईचे साठ युरो लागतात. जोगळेकरांनी घाईघाईने पाकीट काढलं. मंदाताईंनी ते त्यांच्याच खिशात परत कोंबलं. "गॅस तुझा, सांडलं माझ्या हातून."

त्यांनी आपली पर्स उघडली आणि वीस-वीसच्या तीन नोटा एकेक करून बाहेर काढल्या. वेळ लागला. नोटा हातात फडफडत होत्या. मी मदतीला पुढे झालो नाही, अनघानेही नाही. नोएल फडकं खांद्यावर टाकून, तळवा पसरून, जराही न हलवता उभा होता. तिसरी नोट हातात पडल्यावर त्याने ती परत केली.

"मी दोनदा प्यायलो, डॉक्टर. माझे वीस वजा."

मंदाताईंनी ती नोट घेतली, बंद पर्सवर सपाट केली आणि आत ठेवली. एकूण दिले ते चाळीस युरो, रोख, हॉलच्या वतीने नोएलच्या हातात. देणार: डॉ. मंदा पिंपळापुरे.